तुप्पाक्की आणि रजेवरचा फौजी

५ सप्टेंबर २०२४ ला विजयचा 'द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' लागला. त्यात एका ठिकाणी विजय आपल्या हातातली बंदूक शिवकार्तिकेयन या धाकट्या नटाकडे देतो आणि म्हणतो, ही धर. कथेच्या दृष्टीने प्रसंग साधा आहे, पण चेन्नईत त्यावर थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. माझं पोस्टिंग तेव्हा तिकडेच होतं. सोबतच्या तंबीला विचारलं, "अरे, एवढं काय झालं?" तर तो म्हणाला, "साहेब, त्याने बंदूक दिली नाही, 'तुप्पाक्की' दिली."

उत्तरेकडून आलेल्या माणसाला हे कळायला थोडा इतिहास लागतो. तमिळमध्ये बंदुकीला तुप्पाक्की म्हणतात. (इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'थुप्पाकी' म्हणतो आणि तंबी लोक हसतात.) शब्द मूळचा तमिळ नाही. तुर्की 'तुफेक'पासून तो आला, तेलुगूत 'तुपाकी' झाला, आणि बस्तरच्या गोंचा सणात पोरं जी बांबूची खेळण्यातली बंदूक उडवतात तिलाही 'तुपकी'च म्हणतात. याच नावाचा विजयचा सिनेमा १३ नोव्हेंबर २०१२ ला, ऐन दिवाळीत आला होता. दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास, छायालेखन संतोष सिवन, संगीत हॅरिस जयराज. सिनेमा तुफान चालला. विजयचा १०० कोटींचा गल्ला करणारा पहिला सिनेमा म्हणून तो आजही सांगितला जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत विजयने स्वतःचा पक्ष काढला आणि सिनेमा सोडणार असं जाहीर केलं. त्यामुळे त्याने बंदूक दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे गादी सोपवण्यासारखं होतं. एका मारधाडीच्या सिनेमाचं नाव बारा वर्षांनीही एका वाक्यात लोकांना उठवून उभं करतं, ही लहान गोष्ट नाही.

आम्हा फौजींसाठी या सिनेमाचं महत्त्व आणखी वेगळं आहे. तो रजेवर आलेल्या फौजीचा सिनेमा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगदीश हा लष्करातला कॅप्टन. घर मुंबईत, तमिळ कुटुंब, आईवडील आणि बहिणी. सुट्टीवर येणाऱ्या फौजींच्या गाडीने तो मुंबईला उतरतो आणि घरचे त्याला स्टेशनवरून थेट मुलगी बघायला नेतात. पुढे एका बसमध्ये बॉम्ब फुटतो. जगदीश संशयिताला पकडतो आणि पोलिसांच्या हाती न देता घरात डांबून ठेवतो. शहरभर असे बारा जण स्फोटाच्या तयारीत आहेत हे कळल्यावर तो रजेवरच्याच आपल्या फौजी दोस्तांना गोळा करतो. एकेकाच्या मागे एकेक जण लागतो आणि एकाच क्षणी बाराही जणांना गोळ्या घातल्या जातात. मग टोळीच्या म्होरक्याला सुगावा लागतो, तो फौजींच्या घरच्यांना उचलतो, आणि शेवट जहाजावर होतो. म्होरक्या झालेला विद्युत जामवाल खऱ्या आयुष्यात फौजी अधिकाऱ्याचा मुलगा आहे. फोनवर म्होरक्या तुला शोधून मारीन म्हणतो, तेव्हा विजय शांतपणे 'आय अ‍ॅम वेटिंग' एवढंच म्हणतो. तमिळनाडूत हे तीन इंग्रजी शब्द इतके रुळले की लंगरच्या रांगेत उभा असलेला तंबीसुद्धा भाजी संपली असं ऐकलं की तेच म्हणायचा.

याआधी तमिळ पडद्यावर फौजी नव्हता असं नाही. चीनच्या युद्धानंतर लगेच, १९६३ मध्ये, शिवाजी गणेशन यांचा 'रत्त तिलगम' आला होता. १९९६ च्या 'इंडियन'मध्ये कमल हासनचा सेनापती हा आझाद हिंद सेनेचा म्हातारा सैनिक होता. २००८ च्या 'वारणम आयिरम'मध्ये सूर्या मेजर होतो. शेजारी केरळात मोहनलालने २००६ च्या 'कीर्तिचक्र'मध्ये मेजर महादेवन उभा केला. पण या सगळ्यांत फौजी म्हणजे सरहद्द, बर्फ किंवा आठवण. मुंबईचं म्हणाल तर 'नायकन'पासून 'बाशा'पर्यंत तमिळ सिनेमातली मुंबई ही डॉनची मुंबई होती. मुरुगदासने दोन्ही एकत्र केलं. डॉनच्या जागी फौजी ठेवला आणि त्याच्या हातात रजेचा अर्ज दिला. माझ्या मते या सिनेमाची खरी करामत एवढीच आहे, आणि ती मोठी आहे. कारण फौजीला बघण्याची सामान्य माणसाची एकमेव संधी म्हणजे त्याची रजा. सरहद्दीवर त्याला कोण बघतं? गावात दिसतो तो सुट्टीवर आलेला, काळी ट्रंक घेऊन उतरलेला, महिनाभर भावकीच्या लग्नांत आणि बँकेच्या कामात फिरणारा माणूस.

वेल्लोर जिल्ह्यात कम्मवानपेट्टै नावाचं गाव आहे. आपल्या साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखं, घरटी फौजी असलेलं. अशा गावांतल्या लोकांनी हा सिनेमा कोणत्या नजरेने पाहिला असेल ते मला सहज समजतं. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल. कागदावर भरपूर वाटते. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यात मिळते, प्रवासात जाते, कधी मधूनच परत बोलावणं येतं. उरलेल्या दिवसांत घर बांधायचं, मुलीचा दाखला काढायचा, आईचा मोतीबिंदू करायचा आणि जमलं तर लग्नही. स्टेशनवरून थेट मुलगी बघायला नेण्याचा प्रसंग थिएटरात विनोद म्हणून खपतो. आमच्या पलटणीत त्यावर कोणी फारसं हसलं नाही, कारण निम्म्या लोकांची लग्नं तशीच झालेली.

शेवटी रजा संपते. स्टेशनवर घरचे उभे असतात, गाडी सुटते, आणि 'पोइ वरवा' हे गाणं लागतं. अर्थ साधारण 'जाऊन येऊ का?' असा. तमिळ माणूस घरातून निघताना नुसतं 'जातो' म्हणत नाही. 'पोइट्टु वरेन', जाऊन येतो, असंच म्हणतो. आपल्याकडेही निघताना 'येतो' म्हणायचं असतं, चुकून 'जातो' म्हटलं तर आजी दाराशीच अडवते. दोन्ही भाषांना हे भय सारखंच ठाऊक आहे. सिनेमाभर गोळ्या झाडणाऱ्या मुरुगदासने शेवट मात्र या दोन शब्दांवर केला याबद्दल मी त्याचे बरेच गुन्हे माफ करतो.

बरेच म्हणालो, सगळे नाही. आता त्या गुन्ह्यांकडे येतो.

पहिला गुन्हा बंदुकीचाच. रजेवर निघालेल्या जवानाचं हत्यार कोतमध्ये जमा असतं, नंबर बघून, सही करून. रजेचा दाखला, रेल्वेचा वॉरंट आणि ओळखपत्र एवढंच खिशात. आर्मी अ‍ॅक्ट मात्र रजेवरही लागू राहतो. म्हणजे अधिकार मागे राहतात आणि बंधनं सोबत येतात. शहरात सैन्याने कारवाई करायची तर सिनेमाच्या काळातल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३० होतं, त्यात जमाव पांगवायला दंडाधिकारी सैन्याची मदत घेतो. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर राजपत्रित अधिकाऱ्याला कलम १३१ खाली पाऊल उचलता येई, पण संपर्क होताच त्याच्या सूचना पाळाव्या लागत. २०२४ मध्ये नवी संहिता आली, तत्त्व तेच राहिलं. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला पकडायचा हक्क कलम ४३ ने कोणाही नागरिकाला दिला होता, म्हणून जगदीशने बॉम्ब ठेवणाऱ्याला धरलं ते योग्यच. पण त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्या. घरात कोंडा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कलमं वाचून सिनेमा बघू नये हे मलाही कळतं. मुद्दा असा की यानंतर रजेवर गावी गेलं की लोक विचारू लागले, "तुमच्याकडे पिस्तूल असेल ना? मग या गावगुंडांचा बंदोबस्त का करत नाही?" ही अपेक्षा जुनी असेल, पण या सिनेमाने तिला चेहरा दिला.

मुंबई पार्श्वभूमीला घेताना मुरुगदासच्या डोळ्यांपुढे काय होतं ते सांगावं लागत नाही. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसं गेली. २००२ आणि २००३ मध्ये घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाले. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये. मग २६ नोव्हेंबर २००८. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर. सिनेमा आला तेव्हा शेवटच्या जखमेला दीड वर्षही झालेलं नव्हतं. बारा जण एका क्षणी कोसळतात तेव्हा लोक उठून टाळ्या का वाजवतात ते अशा तारखा भोगलेल्या शहराला विचारायची गरज नाही.

पण त्याच मुंबईत एक खरा माजी फौजी एका दहशतवाद्यासमोर उभा राहिला होता. तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत, २००८ मध्ये सहायक उपनिरीक्षक. २६ तारखेच्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत गाडी अडवली गेली. ओंबळेंच्या हातात काठी होती, समोर एके-४७. त्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या, पण पकड सोडली नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला जिवंत ताब्यात घेतलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कसाब जिवंत हाती आला म्हणून खटला उभा राहिला, कट कुठे शिजला ते जगापुढे पुराव्यानिशी आलं. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात ती अमलात आली.

तारखा पुन्हा बघा. 'तुप्पाक्की' १३ नोव्हेंबरला लागला. येरवड्याची बातमी आली तेव्हा त्याचा दुसरा आठवडा चालू होता. एका पडद्यावर रजेवरचा कॅप्टन बारा संशयितांना कोर्टाचं तोंडही न दाखवता संपवत होता. त्याच आठवड्यात, बिनबंदुकीच्या एका माजी सैनिकाने धरून दिलेल्या माणसाचा चार वर्षं चाललेला खटला पूर्ण झाला. सिनेमावाल्यांनी हे जुळवून आणलेलं नव्हतं. पण त्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की कोणता फौजी जास्त अवघड काम करून गेला हे मला तरी स्पष्ट दिसतं. आणि सिनेमा कोणावर निघाला हेही.

दुसरा गुन्हा जास्त दुखरा आहे. सिनेमातले सगळे 'स्लीपर' एकाच धर्माचे दाखवले म्हणून तमिळनाडूतल्या मुस्लिम संघटना रस्त्यावर आल्या, विजयच्या घरासमोर निदर्शनं झाली. निर्माते-दिग्दर्शकांनी माफी मागितली आणि काही दृश्यं कापली. दोनच महिन्यांनी कमल हासनच्या 'विश्वरूपम'ला राज्यात बंदीच झाली आणि तो फेब्रुवारी २०१३ मध्ये लागला. तेव्हा अनेकांना हा विरोध अतिरेकी वाटला. मी स्वतः बंदीच्या बाजूचा नाही. पण ज्या पलटणीत एकाच छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च असतं आणि ईदला सीओ साहेब स्वतः शेवया वाढतात, तिथे बसून तो सिनेमा बघताना शेजारचा जवान कोण आहे याची जाणीव होतेच. सिनेमात फौजींच्या घरावर हल्ला होतो ना, तसं खरंच घडलं. ज्यांच्यावर घडलं ते कोण होते ते बघा.

लेफ्टनंट उमर फयाज, वय २२, राजपुताना रायफल्स. डिसेंबर २०१६ मध्ये कमिशन मिळालं. मे २०१७ मध्ये पहिली रजा घेऊन शोपियाँ जिल्ह्यात मामेबहिणीच्या लग्नाला गेले. रात्री दहशतवाद्यांनी घरातून उचललं, सकाळी मृतदेह मिळाला. अंगावर हत्यार नव्हतं. वर्षभराने, १४ जून २०१८ ला, ४४ राष्ट्रीय रायफल्सचा रायफलमन औरंगजेब ईदसाठी पुंछकडे घरी निघाला होता. पुलवामात गाडी अडवून त्याला नेलं आणि गोळ्या घातल्या. ईद दोन दिवसांवर होती. त्याला मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. रजेवरच्या फौजीची लढाई ही अशी असते. तीत सायलेन्सर लावलेलं पिस्तूल नसतं, बारा दोस्त नसतात, आणि मरणारा बऱ्याचदा त्याच काश्मीरचा, त्याच धर्माचा असतो ज्याला पडद्यावर फक्त एकच भूमिका मिळते.

सिनेमा मात्र पुढे पुढे जात राहिला. ६ जून २०१४ ला मुरुगदासनेच तो हिंदीत 'हॉलिडे' म्हणून केला. विजयच्या जागी अक्षय कुमार, आणि पोलीस मित्राच्या भूमिकेत आपला सुमीत राघवन. हिंदी नावाच्या शेपटात 'सोल्जर इज नेव्हर ऑफ ड्युटी' असं जोडलं. हे वाक्य आज कुठल्याही आर्मी कॅन्टीनबाहेरच्या गाडीवर दिसेल. त्याच वर्षी बंगालीत जीतचा 'गेम' आला. तेलुगूत २०२० मध्ये महेश बाबूचा 'सरिलेरु नीकेव्वरु' आला. त्यातही काश्मीरहून सैनिक गाडीने निघतो, शहरात उतरतो आणि तिथल्या गुंडांचा हिशेब चुकता करतो. हा 'तुप्पाक्की'चा रिमेक नाही, पण वाट त्याचीच आहे. मध्ये अल्लू अर्जुनचा 'ना पेरु सूर्या' येऊन गेला, विजयचा 'बीस्ट' येऊन गेला. सैन्याचा माणूस सरहद्द सोडून मॉलमध्ये, बाजारात, गल्लीत लढू लागला आणि कोणाला त्यात नवल वाटेनासं झालं.

खरं वळण आलं ते ३१ ऑक्टोबर २०२४ ला, पुन्हा दिवाळीत. ज्याच्या हाती विजयने बंदूक दिली होती तो शिवकार्तिकेयन आठ आठवड्यांत 'अमरन'मधून फौजी बनून आला, आणि या वेळी पात्र कल्पनेतलं नव्हतं. मेजर मुकुंद वरदराजन, राजपूत रेजिमेंट, ४४ राष्ट्रीय रायफल्स. २५ एप्रिल २०१४ ला शोपियाँत काझीपथरी गावातल्या कारवाईत ते गेले, सोबत शिपाई विक्रम सिंगही. अशोकचक्र मरणोत्तर. म्हणजे 'हॉलिडे' पडद्यावर यायच्या सहा आठवडे आधी. या सिनेमात नायक मरतो आणि गोष्ट त्याच्या पत्नीच्या, इंदूंच्या, नजरेतून सांगितली जाते. चेन्नईतल्या थिएटरात मी पाहिलं की लोक मारामारीला शिट्ट्या वाजवत होते आणि फोनवरच्या संभाषणांना गप्प होत होते. काश्मिरी मुसलमानांच्या चित्रणावरून याही सिनेमाविरुद्ध निदर्शनं झाली. तो जुना हिशेब अजून चुकता झालेला नाही.

तरीही 'तुप्पाक्की' नसता तर 'अमरन' एवढ्या मोठ्या पडद्यावर आला नसता असं मला वाटतं. गणवेशातला तमिळ नायक सणाच्या दिवशी गर्दी खेचू शकतो हे आधी कोणीतरी सिद्ध करावं लागतं. मुरुगदास स्वतः २०२५ मध्ये 'मदरासी' घेऊन आला, त्यात नायक शिवकार्तिकेयन आणि समोर पुन्हा विद्युत जामवाल. तंबी मंडळींनी त्यात 'तुप्पाक्की' शोधला, फारसा सापडला नाही म्हणाले.

'अमरन' पाहून बाहेर पडल्यावर मी त्या तंबीला ४४ राष्ट्रीय रायफल्सचा दुसरा धागा सांगितला. मुकुंद वरदराजन आणि रायफलमन औरंगजेब, दोघे त्याच बटालियनचे. एक कारवाईत गेला, दुसरा रजेवर. त्याने औरंगजेबचं नाव ऐकलं नव्हतं. औरंगजेबचे वडील स्वतः माजी सैनिक. जुलै २०१९ मध्ये, मुलाला जाऊन वर्ष झालं तेव्हा, त्यांचे आणखी दोन मुलगे प्रादेशिक सेनेत भरती झाले.